पेशंटचा दोस्त

रेणापूरच्या किशनरावांना आपल्या दोस्ताची भारी काळजी होती. दोस्त म्हणजे भीमा. ताहेर मास्तरांच्या बँडात किशनराव क्लॅरिनेट वाजवायचे आणि भीमा मोठा ढोल. वर्षानुवर्षं दोघं एकाच वरातीत घामाघूम झाले होते, एकाच पंगतीला सगळ्यांच्या शेवटी जेवले होते आणि संध्याकाळी एकाच गुत्त्यावर बसले होते. या शेवटच्या गोष्टीबद्दल किशनरावांचं म्हणणं जरा वेगळं होतं. ते गुत्त्यावर प्यायला जात नसत. भीमाला सोबत करायला जात. त्या सोबतीत पिणं आपसूक होऊन जायचं, त्याला ते तरी काय करणार?

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष होतं. लातूर नवा जिल्हा झाला होता, उस्मानाबादचे हेलपाटे संपले होते आणि लोक त्यात खूश होते. पाऊस तेवढा नव्या जिल्ह्याचा पत्ता न मिळाल्यासारखा वागत होता. पाण्याचा टँकर एक दिवसाआड यायचा, कधी तोही नाही. शिंदी आणि हातभट्टी मात्र एक दिवस चुकली नव्हती. लग्नं कमी झाली होती. जी व्हायची ती देवळात हार घालून, पाचपंचवीस माणसांत उरकायची, आणि पाचपंचवीस माणसांच्या लग्नाला बँड कोण बोलावतो? बँड रिकामा, म्हणून माणसं रिकामी; आणि माणसं रिकामी, म्हणून सोबतीची वेळ संध्याकाळवरून सरकत सरकत दुपारच्या जेवणाआधी येऊन ठेपली होती.

अशात वैशाखात पानगावच्या एका लग्नाची सुपारी मिळाली. नवरदेव दारात आला, बँड रंगात आला, आणि भीमाचा पाय मांडवाच्या दोरीत अडकला. भीमा पडला तो पडला, पण त्याच्या गळ्यातला ढोल सुटला आणि उतारावरून गडगडत थेट बायकांच्या पंगतीत शिरला. दोन पत्रावळी आडव्या करून तो व्याह्यांकडे निघाला. व्याही जाडजूड माणूस, पण त्या दिवशी खुर्चीवर असा चढला की पोरासोरांनी टाळ्या वाजवल्या.

परतल्यावर रेणापूरच्या स्टँडवर ताहेर मास्तर दोघांना बाजूला घेऊन म्हणाले, "देखो किशनराव, देखो भीमा. माझ्या अब्बाच्या नावाचा बँड आहे. पुढच्या सुपारीला दोघं शुद्धीत असलात तर या. नाहीतर मी उदगीरहून माणसं आणतो. नाराज होऊ नका."

मास्तर 'दोघं' म्हणाले होते. किशनरावांच्या कानांना सूर फार बारीक कळत. हा एक शब्द मात्र त्यांच्या कानाशेजारून निघून गेला.

"भीम्याचं काम जाऊन राहिलंय," घरी येताच ते बायकोला म्हणाले. "मास्तर लई तापलेत त्याच्यावर. त्याची दारू सोडवाया पायजे, केवळे."

केवळाबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात क्षणभर परातीवरच थांबला. "भीमाभावजींची?"

"मग कोणाची?"

"न्हाई, बरोबर हाय. त्यांचीच." केवळाबाईंनी भाकरी उलटली. "तुमच्याशिवाय हाय तरी कोण त्यांना? लई पुण्याचं काम हाय. कराच."

बायको एवढ्या पटकन आपल्या म्हणण्याला हो म्हणते, हे किशनरावांनी लग्नापासून पहिल्यांदाच पाहिलं. त्यांना बरं वाटलं. त्या आनंदात ते भीमाला सोबत करायला गेले.

सोमवारी ते लातूरला निघाले. गावातल्या कंपाउंडरनं सांगितलं होतं की नव्या जिल्ह्याला म्हणे असा एक साहेब आलाय, तो सुई टोचत नाही, गोळी देत नाही, नुसता बोलून दारू सोडवतो. कुठं बसतो हे कंपाउंडरला ठाऊक नव्हतं. पण जिल्ह्याचा साहेब म्हणजे कुठल्या तरी कचेरीत बसणारच, आणि कचेरी तर लातुरात रोज एक नवी उघडत होती. जुन्या घरांवर नव्या पाट्या लागल्या होत्या. काहींचा रंग वाळायचा होता.

गंजगोलाईच्या बाजारात एका चहावाल्यानं चांगली माहिती दिली. "दारू सोडवायची ना? मग त्या गल्लीत एक कचेरी हाय बघा. पाटीवर दारू पण लिहिलंय न् बंदी पण लिहिलंय."

किशनराव गेले. पाटी खरोखर तशीच होती. आतला कारकून भला माणूस निघाला. त्यानं खुर्ची दिली आणि विचारलं, "दुकानाचं काम आहे का परवान्याचं?"

"न्हाई साहेब. एका माणसाची दारू बंद करायचीय."

कारकुनानं चष्मा काढून पुसला. "काका, आम्ही दारू कोणी विकावी, किती विकावी, ते बघतो. कोणी किती प्यावी, ते आमच्याकडं येत नाही. ते घरच्यांकडं असतं."

"घरच्यांकडनं होत न्हाई म्हणून तर आलो."

"बरोबर आहे," कारकून म्हणाला, आणि जरा आवाज उतरवून पुढं बोलला, "तो माणूस सापडला तर मलाही कळवा. माझा मेव्हणा आहे एक."

स्टँडकडं परतताना एक पुडीवाला भेटला. त्याच्यापुढं जमिनीवर जडीबुटीच्या बाटल्या मांडलेल्या होत्या. "चहात टाका, पिणाऱ्याला कळत पण नाही. तिसऱ्या दिवशी दारूचा वास आला तरी ओकारी!" किशनरावांना ही युक्ती पसंत पडली. ते पुडी हातात घ्यायला वाकले आणि पुडीवाल्याच्या तोंडाचा भपकारा त्यांच्या नाकात गेला. हा वास ते शंभर वासांत ओळखत. ते पुडी खाली ठेवून निमूट चालू लागले. दुपारचं ऊन चढलं होतं, घसा कोरडा पडला होता, आणि जवळच कुठंतरी बसायची सोय असणार हे त्यांना न विचारताही कळत होतं. पण सोबत करायला भीमा नव्हता. एकट्यानं कसं जायचं? ते सरकारी दवाखान्यात गेले.

केसपेपरच्या खिडकीवर विचारलं, "पेशंटचं नाव?"

"पेशंट आला न्हाई. मी पेशंटचा दोस्त."

"दोस्ताचा केसपेपर निघत नसतो. काय होतंय पेशंटला?"

किशनरावांनी मागं रांगेकडं पाहिलं आणि खिडकीत तोंड घालून हळूच सांगितलं. आतला माणूस मात्र मोठ्यानं ओरडला, "दारू का? मग मॅडमकडं जा. शेवटून दुसरी खोली!" रांगेतल्या चार जणांनी खोली कुठं ते लक्षपूर्वक ऐकून घेतलं.

खोलीवर 'समाजसेवा अधीक्षक' अशी पाटी होती. किशनरावांनी मनात एक पोक्त, मिशाळ, जाड आवाजाचा साहेब ठरवून ठेवला होता. आत एक तिशीच्या आतली बाई डबा खात बसली होती. ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. किशनराव दारातच थबकले.

"साहेब न्हाईत का?"

"साहेब मीच," ती म्हणाली. "संघमित्रा वाघमारे. बसा. जेवलात का?"

ती बिलोलीची, शिकली नांदेडला, आणि जिल्हा नवा म्हणून जागा निघाली तशी इथं आलेली. हे तिनं सांगितलं, आणि अर्धी भाकरी कागदावर ठेवून त्यांच्यापुढं सरकवली. किशनराव नको नको म्हणत जेवले आणि जेवता जेवता भीमाची सगळी कहाणी सांगून मोकळे झाले. ढोल कसा गडगडला, व्याही कसा चढला, मास्तर काय म्हणाले.

"किती पितात ते?" मॅडमनी विचारलं.

"लई. आधी संध्याकाळी प्यायचा, आता दुपारपासून. परवा तर सकाळीच हात लटलट कापत होते, तवा सकाळीच घेतली."

"तुम्हाला बारीकसारीक ठाऊक आहे."

"ठाऊक असणारच की. मी रोज सोबत असतो."

"रोज?"

"रोज. त्याला एकटं कसं सोडायचं, बाई?"

"खरंय." मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. "आणि ते पीत असतात तेव्हा तुम्ही काय करता?"

किशनरावांनी खिडकीकडं मान वळवली. खिडकीबाहेर नळाला लोकांनी भांडी लावली होती, आणि नळाला पाणी नव्हतं. तिकडं बघत ते म्हणाले, "सोबत करतो."

मॅडम हसल्या नाहीत. हसू आलं असेल तर ते त्यांनी फार चांगलं आवरलं. "असा दोस्त नशिबानं मिळतो," त्या म्हणाल्या. "गुरुवारी त्यांना घेऊन या. तुम्ही पण थांबा बरं का. आणि एक सांगते. एकदम बंद करायला लावू नका. रोजचा माणूस एका दिवसात सोडायला गेला तर जिवावर बेतू शकतं. आधी इथं आणा."

आता भीमाला आणायचं कसं, हा प्रश्न होता. किशनरावांनी दोन दिवस डोकं चालवलं. तुझ्या ढोलाला कातडं घ्यायचंय म्हणावं, की मास्तरांनी सुपारी ठरवायला पाठवलंय म्हणावं? शेवटी कातडं बरं, असं ठरवून ते बुधवारी त्याच्या घरी गेले. भीमाची बायको कोंडाबाई दारात तांदूळ निवडत होती. किशनरावांना पाहताच ती उठून आत गेली, आणि आत ती खोकली की हसली ते नीट कळलं नाही.

"भीम्या, उद्या लातूरला येतोस का? ते कातडं..."

"येतो की!" भीमा कातड्याचं पुरतं ऐकायच्या आधीच म्हणाला. "तुझ्यासाठी येणार न्हाई तर कोणासाठी येणार, गड्या?"

बोलताना त्याचे डोळे ओले झाले होते. किशनरावांना वाटलं, याला आतूनच सुधारायचंय. बिचारा.

गुरुवारी भीमा धुवट धोतर आणि टोपी घालून स्टँडवर आधीच हजर होता. एष्टीत त्यानं किशनरावांना खिडकीची जागा दिली. "वारं लागू दे," म्हणाला. थोड्या वेळानं विचारलं, "मळमळत न्हाई ना?" किशनरावांनी त्याला विचारलं, "तुला मळमळतंय का?" दोघांनीही नाही म्हणून सांगितलं आणि दोघांनीही एकमेकांच्या थरथरत्या हातांकडं कीव करून पाहिलं. खरोळ्याच्या फाट्यावर भीमानं चुरमुरे घेतले आणि सगळे किशनरावांच्याच ओंजळीत ओतले. एवढी माया किशनरावांना पेलेना.

मॅडमच्या खोलीत दोन खुर्च्या मांडून ठेवलेल्या होत्या. किशनरावांनी पुढं होऊन ओळख करून दिली. "मॅडम, ह्यो पेशंट."

त्याच क्षणी भीमा हात जोडून म्हणाला, "बाई, हे आमचे किशनराव. ह्येंच्यासाठी आलोय. माणूस सोन्यासारखा हाय, पण..." आणि त्यानं अंगठा ओठांना लावून दाखवला.

किशनरावांनी आधी त्या अंगठ्याकडं पाहिलं, मग भीमाकडं.

"कोण पेशंट?" किशनराव म्हणाले.

"तू."

"मी? अरे, मी तुला घेऊन आलोय!"

"मी तुला घेऊन आलोय. केवळावहिनींनी हातापाया पडून सांगितलं, भावजी, ह्येंना तुमच्याशिवाय कोणी नेऊ शकणार न्हाई, ह्येंना मात्र तसं कळू देऊ नका. तू कातड्याचं बोललास तवा मला वाटलं, वहिनींनी तुला काहीतरी थाप मारलीय."

किशनरावांच्या डोळ्यांपुढं भाकरी थापणारा हात आला. "केवळीनं!" ते उठले. "म्हणजे ह्या बायांनी मिळून... चल भीम्या, ऊठ. आपण काय येडे हाव का?"

भीमा उठला नाही.

"बसा किशनराव," मॅडम म्हणाल्या. "आलाच आहात तर दोघांचंही ऐकते. आधी तुम्ही सांगा. भीमाभाऊंची दारू तुम्हाला कुठं नडते? दारू वाईट असते ते मला ठाऊक आहे, ते नको. तुम्हाला कुठं नडते तेवढंच सांगा."

किशनराव खुर्चीच्या कडेवर टेकले. राग होताच, त्यामुळं शब्द भराभर आले. "नडते म्हणजे? ह्याचा हात राहिला न्हाई, बाई. आधी काय ढोल वाजवायचा! आता नुसता बडवतो. मी वरच्या सुरात गेलो की ह्यो असा तुटून पडतो की माझं क्लॅरिनेट मलाच ऐकू येत न्हाई. ताल न्हाई, तोल न्हाई. पिणाऱ्याचा ढोल दुरूनच कळतो."

भीमा मान खाली घालून बोटांनी टोपी फिरवत होता.

"भीमाभाऊ?" मॅडमनी विचारलं.

"खरं हाय ते. मी लई जोरात वाजवतो." भीमा टोपीकडं बघत म्हणाला. "पर मी मुद्दाम वाजवतो, बाई."

"कामून मुद्दाम?" किशनराव म्हणाले.

"तुझी बोटं घसरतात, किशन. दोन सालापासून. वर गेलास की सूर फाटतो, मधीच फुंकर तुटती, कवा कवा तू गप्पच होतोस, अन् तुला ते कळत न्हाई. लोक बघाया लागतात. मग मी ढोल चढवतो. मोठा आवाज झाला की खालचं झाकून जातं." तो अजून टोपीकडंच बघत होता. "औशाच्या लग्नात तर तू अर्ध्याहून जास्त गाण्यात नुसता उभा होतास. त्या दिवशी माझ्या हाताला फोड आले."

किशनरावांना औशाचं लग्न चांगलं आठवत होतं. आयुष्यात आपण इतकं सुंदर कधी वाजवलं नव्हतं, असं त्या दिवशी रात्री त्यांनी केवळाबाईंना सांगितलं होतं. केवळाबाई तेव्हा ऐकून घेऊन दिवा बारीक करायला उठल्या होत्या.

"मग तू मला सांगितलं का न्हाईस?"

"कसं सांगणार? तुझ्या बोटांवर तर आपला बँड. अन् मी तरी कुठं शुद्धीत असायचो सांगायला?"

किशनरावांनी आपले हात मांडीवर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडं बघत राहिले. बोटं हलत होती. ते त्यांना थांबवायला बघत होते आणि ती थांबत नव्हती. मग ते म्हणाले, "बाई, पेशंटचे दोन केसपेपर काढा."

दोघांना शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. पहिले काही दिवस वाईट गेले. भीमाला भिंतीवर मुंग्या दिसायच्या आणि तो त्या मोजायचा. किशनरावांना घाम फुटायचा, झोप लागायची नाही, आणि सगळ्या जगाचा, त्यातही केवळाबाईंचा, संताप यायचा. डॉक्टर येऊन औषधं देऊन जायचे. मॅडम येऊन बसायच्या. त्या फार काही सांगायच्या नाहीत, विचारायच्याच. काल प्यावंसं कधी वाटलं? तेव्हा समोर कोण होतं? घरी गेल्यावर तीच वेळ आली तर पाय कुठं नेणार? किशनरावांनी केवळाबाईंना सांगितलं, "ही बाई नुसती विचारते अन् उत्तर आपल्यालाच द्याया लावते. मग तिचा पगार कशाचा?"

"तुम्ही लग्नापासून एकदा तरी कोणाला उत्तर दिलंत का?" केवळाबाई म्हणाल्या. "तिनं द्याया लावलं. त्याचाच पगार."

घरी आल्यावर दर गुरुवारी दोघं लातूरला जायचे. पोळ्याला भीमा घसरला. दोन दिवस पीत होता, तिसऱ्या दिवशी तोंड लपवून बसला. किशनराव त्याच्या दारात जाऊन उभे राहिले. आत जावं की शिव्या द्याव्यात हे त्यांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं. मग त्याला एष्टीत बसवून मॅडमकडं नेलं. "ह्या वेळेला खरंच पेशंट ह्यो हाय," त्यांनी दारातूनच जाहीर केलं. मॅडमनी भीमाला रागावायचं सोडून विचारलं, "दोन दिवसांत थांबलात? आधी थांबायचात का?" भीमानं विचार करून नाही म्हणून सांगितलं, आणि त्याची मान थोडी वर आली.

दिवाळीनंतर ताहेर मास्तरांना चाकूरकडची एक सुपारी मिळाली. त्यांनी दोघांना नेलं, पण सगळा वेळ अत्तर हुंगायला आल्यासारखे दोघांच्या तोंडाजवळ फिरत होते. किशनराव दोनदा चुकले. दोन्ही वेळा सगळ्या वरातीला ऐकू गेलं. वाजवणं संपल्यावर ते क्लॅरिनेट पुसत कोपऱ्यात बसले, तर मास्तर शेजारी येऊन म्हणाले, "दो जागी चुकलास."

"कळलं मला."

"तुला कळलं, हेच तर म्हणतो मियां. आधी आम्हालाच कळायचं."

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. हळूहळू माणसं किशनरावांना एकटं गाठून त्या मॅडमचा पत्ता विचारू लागली. कुणाचा चुलतभाऊ असायचा, कुणाचा मामा. किशनराव पत्ता सांगायचे, खोली सांगायचे, मॅडम बिलोलीची आहे आणि ठेचा फार तिखट खाते हेही सांगायचे. चुलतभावाचं नाव मात्र ते कधी विचारत नसत.

एकट्या केवळाबाई मात्र खूश नव्हत्या. एका गुरुवारी त्या स्वतःच मॅडमकडं आल्या, पदर खोचूनच.

"बाई, दारू सुटली, तुमचे उपकार. पर आता ह्या माणसाचं मी काय करू? दिस मावळला की घरात. सगळी संध्याकाळ माझ्या मागं मागं. आमटीत मीठ कमी हाय, घागर इथं कामून ठेवली, चुलीत लाकूड असं न्हाई असं घाल. वीस वर्षं मला ठाऊक नव्हतं की ह्येंना एवढं सगळं कळतं. गुत्त्यावर होते तवा निदान चूल तरी माझी होती!"

किशनराव खुर्चीत बसून छताकडं बघत होते.

"खरं आहे का किशनराव?" मॅडमनी विचारलं.

"मीठ कमी असतं, बाई," किशनराव म्हणाले. "खोटं कशाला बोलू?"

मॅडम त्या दिवशी पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. मग त्यांनी विचारलं, संध्याकाळी घरात कुठलं काम सगळ्यात जड पडतं? केवळाबाईंना विचार करावा लागला नाही. टँकर. टँकर आता संध्याकाळी यायचा, तास तास उभं राहावं लागायचं, त्यात भांडणं.

त्या आठवड्यापासून किशनराव टँकरच्या रांगेत दिसू लागले. रांग सगळी बायकांची. पहिल्या दिवशी त्यांना पाहून असा हशा झाला की टँकरचा ड्रायव्हर खाली उतरून बघायला आला. "नवरी आली, नवरी!" कुणीतरी ओरडलं. किशनरावांनी टोपी नीट केली आणि दोन्ही घागरी पायांपाशी घेऊन जागा सोडली नाही. त्यांच्यापुढं कोंडाबाई होती. तिनं गुपचूप एक जास्तीची बादली रांगेत सरकवली.

"ए कोंडाबाई, ती बादली मागं!" किशनराव म्हणाले. "दोन भांड्यांचा नेम हाय."

"तुमच्या दोस्ताच्या घरची बादली हाय भावजी."

"दोस्त हाय म्हणून काय झालं? त्याला पाठव रांगेत!"

कोंडाबाईनं कमरेवर हात ठेवले, मागच्या बायकांनी दोन बाजू घेतल्या, आणि टँकरची तोटी सुटेपर्यंत ते भांडण चांगलं रंगलं.